एक वाव

दिवाळ्याच्या जेटीवर, ओहोटीला,
प्रीतेशने चकती बसवली मागच्या फळीला,
पंख्यापासून हातभर लांब,
नाहीतर बुडबुडेच मासे म्हणून दिसतात.
भोकाला सिलिकॉन. वायर बॅटरीला. लाल ती लालला.

भरतीत खाडीत शिरले, पडदा उजळला: सहा फूट.
"सहा?" काथोडबाबा हसला.
"इथं दोन वाव असायचं.
पूल नव्हता तेव्हा."
शिशाची दोरी अजून डब्यात होती. सोडली.
एकच वाव.
कुणी काही बोललं नाही.

मग पडद्यावर वाकडी नखं उमटली,
यंत्र किणकिणलं.
"जिताडा!" प्रीतेश ओरडला.
बाबाने वल्हं पाण्यात घातलं,
दांडा कानाला लावला.
"आधी त्याची किणकिण बंद कर," म्हणाला,
"खाली कोण बोलतंय ते ऐकू दे."