कूस

भांडुपच्या प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर
दर शुक्रवारी तीन ते पाच
महापालिकेच्या खर्चाने आम्ही माणूस वळवायला शिकतो.
खाली बाळं रडतात, वर पंखा कुरकुरतो,
मधे लोखंडी खाटेवर रबराची बाई.
तिच्या टाचेवर शाईने लिहिलंय: डेड स्टॉक, नग एक.

आम्ही नऊ जण. पुरुष मी एकटा.
रेहाना चौगुले रात्रपाळीला मुलुंडला जाते, एका आजोबांकडे,
आणि झोप मोडून इथे येते.
"सात वर्षं करतेय," म्हणाली, "शिकवलं कुणीच नव्हतं."

सिस्टर जसिंता तुस्कानो सांगतात:
दोन तासांनी कूस. पूर्ण आडवं नको, जरासं कलतं,
पाठीशी उशी, गुडघ्यांमधे उशी, टाच अधांतरी.
भरवताना बसतं करा.
गिळलेलं दिसलं की मगच पुढचा घास.
माणूस ओढायचा नाही, चादरीसकट उचलायचा.

आणि लाल जागा चोळायची नाही.

माझा हात आपोआप वर गेला.
चार महिने मी ताईच्या माकडहाडाशी
खोबरेल कोमट करून चोळत होतो, सकाळ-संध्याकाळ.
शेजारी म्हणाले, मोबाईलवर आलं, आईही असंच करायची.
"कशावरून?" मी विचारलं.
आवाज जरा चढलाच असावा.

सिस्टरांनी चष्मा काढला.
"अकरा वर्षं मीच शिकवलं, चोळा म्हणून.
मलाही तसंच शिकवलेलं.
मग कुणीतरी मोजलं. चोळलेल्या पाठी, न चोळलेल्या पाठी,
एकेक दिवस, वहीत.
आधीच दबलेलं मांस चोळून आणखी दुखावतं.
मी चुकले होते. आता हे."
आणि पुस्तिका पुढे केली. सुधारित आवृत्ती, विनामूल्य.

तेहतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
लोक दारातच म्हणत, एवढं येणं शक्यच नाही,
मी आकड्याकडे बोट दाखवायचो.
स्वतःहून चूक कबूल करणारा मीटर
मात्र एकही पाहिला नव्हता.

रबराची बाई लाजत नाही.
ताई लाजते. भिंतीकडे बघते.
बोलणं गेलंय, तरी डाव्या हाताने पदर चाचपते,
धाकट्या भावासमोर.
पान नऊ: आधी सांगा, थांबा, मग हात लावा.
हेही लिहावं लागतं का, असं वर्गात वाटलेलं.

"ताई, कूस बदलतो हं."
थांबतो.
किती वेळ थांबायचं ते पान नऊवर नाही.
मग तिचं बोट हलतं, पदर सोडतं.

तेलाची वाटी खिडकीतच आहे.
उद्या तिच्या केसांना लावीन.

रीडिंगच्या जुन्या वहीत, कोऱ्या पानावर:
साडेनऊ, डावी. लाली आठ आण्याएवढी.
साडेअकरा, उजवी.
दीड, डावी. लाली तेवढीच.
साडेतीनचा गजर लावला.