बापाचा रकाना

लोनकिमायच्या उतारावर
मी पेवेनच्या झाडांना पत्र्याचे बिल्ले अडकवत होते,
खवल्यांसारखी टोकदार पानं तोडून
पाकिटांत भरत होते, बोटं रक्ताळलेली.

"हे कशाला?" एर्मिंदाबाईंनी विचारलं.
कोण कुणाचं, ते बघायला.
"मग मला विचार की."
आणि काठीनं दाखवत निघाल्या:
ही थोरली. या तिच्या पोरी.
हा वाकडा तिचाच, वणव्यातून वाचलेला.
बी जड. पडतं ते बुंध्याशी,
उंदरानं ओढलं तर चार पावलं,
पोपटाच्या चोचीतून निसटलं
तर फार तर ओढ्यापलीकडे.
शेजार म्हणजे इथं भावकीच.

हिवाळ्यात प्रयोगशाळेचे आकडे आले.
बाईंचं बहुतेक सगळं बरोबर.
जवळची झाडं जवळची,
अंतर वाढेल तसं नातं पातळ होत जाणारं.
फक्त एकशेचाळीस नंबर.
आई सापडली, वीस पावलांवर.
बाप
या अख्ख्या दरीत नाही.

कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले.
चुलीवर पिन्योन उकडत होते.
त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही,
खिंडीकडे हनुवटी केली, अर्जेंटिनाच्या बाजूला.
"पुएल्चे सुटतो ना तिकडून,
धूळ आणतो, परागही आणत असेल."
मग एक बी सोलून माझ्या तळव्यावर ठेवत:
"माझा नवराही तिकडचाच.
बर्फातून आला.
चौकीवर त्या रात्री कुणी जागं नव्हतं."

वहीत बापाच्या रकान्यात
मी 'अज्ञात' लिहिलं होतं.
ते खोडलं.
वाऱ्याचं नाव लिहिलं.