काचेच्या मागून

काचेवर मागून रंगवायचं तर
शेवटचं आधी येतं.
आधी बुबुळातला पांढरा ठिपका,
मग बुबुळ, मग डोळा, मग गाल.
आभाळ सगळ्यांत शेवटी.
क्रम चुकला तर डोळा आभाळामागे जातो,
कायमचा.
हे मला पागधरे मास्तरांनी शिकवलं
खेतवाडीत, मिठाईवाल्याच्या काचेवर
‘दुधी हलवा मिळेल’ लिहिताना.

मशीन आलं टेम्पोतून, दारूखान्याहून,
गोधडीत गुंडाळलेलं, पाय सोडवून वेगळे बांधलेले.
गोदीजवळच्या खलाशांच्या क्लबातलं पिनबॉल.
क्लब बंद झाला, मग गोदामात बावीस वर्षं.
उभ्या काचेवर सर्कस, नाव अर्धं गळालेलं.
झोपाळ्यावरून सुटलेली एक बाई,
हात पुढे,
पकडणारा अजून आलेला नाही.

होर्मझ सेठना म्हणाले, ओरिजिनल जोईए.
एकदम ओरिजिनल.
आणि फोनवर दाखवला
जुन्या जाहिरातीचा फोटो, नखाएवढा.

इद्रिसनं पोट उघडलं:
रिले, कॉइल, सुती वेष्टणाच्या तारा,
नॉर्वेचं एक नाणं,
कागद होऊन गेलेली पाल.
मी काच सोडवून पालथी घातली.
पापडाला येतात तसे रंगाला फोड.
पंखा बंद. मे महिना.
नुसतं शिंकलं तरी एक हत्ती कमी.

खालच्या फळीवर डाव्या फ्लिपरच्या वर
रंग जाऊन प्लायवूड उघडं पडलेलं,
सगळे ओरखडे एकाच वळणाचे.
हजार खलाशी, हजार रात्री,
चूक तीच.
तिथं मी फक्त वॉर्निश दिलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईच्या हाताशी पोचले.
मनगटात हिरव्या बांगड्या. सहा.
टिकल्यांच्या तोकड्या पोशाखातल्या
त्या गोऱ्या बाईला!
फोटोत मनगट मोकळं.
भिंग लावलं.
रेघ सुरू होताना जाड,
संपताना किंचित उचललेली.
‘हलवा’तला काना असाच सोडायचे मास्तर.
ब्रश उचलायचा गं, ओढायचा नाही.

कधी केलं हे? क्लबात कोणी बोलावलं?
पैसे तरी दिले का?
एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली होते,
एका शब्दानं बोलले नाहीत.
मूळ हात गळून गेला असणार.
नवा काढायला बसले असतील,
आणि दमयंतीबाईंनी
चहाचा कप शेजारी ठेवला असेल.

ब्लेड घेतलं.
नियम असा: नंतरच्याचं काढायचं, आधीच्याचं राखायचं.
पण आधीचं तिथं नव्हतंच.
बांगड्यांपुढे फक्त काच होती.
ब्लेड परत कागदात गुंडाळलं.

सेठना आले. चष्मा वर केला, खाली केला.
“आ बांगड्या?”
“एक्स्पोर्ट मॉडेल असेल,” मी म्हटलं.
इद्रिस स्क्रू शोधायला खाली वाकला
तो बराच वेळ वर आला नाही.

मग प्लग.
आकड्यांची चाकं खडखडत शून्यावर आली,
मागचे दिवे एकेक लागले.
जिथं उजेड नको तिथं मागून
दाट करडा थर द्यायचा असतो.
मास्तरांनी तो हाताला दिला होता,
बांगड्यांना नाही.
विसरले म्हणावं, तर ते विसरणाऱ्यांतले नव्हते.
बाई अंधारात राहिली
आणि सहा हिरव्या कडा पेटल्या.

सेठनांनी गोटी सोडली.
घंटा, बंपर, घंटा.
गोटी मधोमध उतरायला लागली तसा
त्यांनी मशीनला कमरेनं धक्का दिला.
सगळेच देतात.
टिल्ट.
फ्लिपर मेले, गोटी भोकात गेली.
बांगड्या चालूच.