उणे ऐंशी

रेणू अजून कागदावरच होता,
षटकोनाला एक शेपटी, एवढंच,
तेव्हाच त्याचं घड्याळ सुरू झालं.
वीस वर्षं.
बाझलमध्ये औषधाचं वय
जन्माच्या आधीपासून मोजतात.

पाच वर्षं उंदरांनी खाल्ली.
कुत्र्यांनी तीन, फायलींनी दोन.
मग माणसं, क्रमांकांची.
मी त्यांची यकृतं बघायची.
ताकही फुंकून पिणारी म्हणून
कँटीनमध्ये माझी थट्टा व्हायची; मला चालायची.

चारशे सतरा, लुब्लिनचा.
तिसऱ्या आठवड्यात त्याचे आकडे चढले.
बाकी सगळे ठणठणीत.
अर्जाच्या कडेला कुणा नर्सनं
पेन्सिलनं लिहिलेलं:
शनिवारी बहिणीचं लग्न होतं.

म्हणजे आमचं औषध,
नाहीतर आलुबुखाराची घरगुती दारू.

मी म्हटलं, दोन वर्षं द्या.
रेटो झुम्ब्रुन वाईट माणूस नाही.
त्यानं नुसता आलेख माझ्याकडे वळवला.
उरलीत सात, तू मागतेस दोन,
पाचांत खर्च निघत नाही, उर्सीना.
आणि पुढचा रेणू
ह्याच पैशांतून यायचाय.
खिडकीखाली ऱ्हाइनमधून
कपड्यांच्या पिशव्या छातीशी धरून
लोक पोहत घरी चालले होते.

मी भांडले नाही. हे लिहून ठेवते.
तो ‘घाई कर’ म्हणाला असता
तर टेबल उलथून टाकलं असतं.
तो म्हणाला, ‘थांबवू या.’
थांबण्याविरुद्ध
माझ्याकडे काही बोलायलाच नव्हतं.

डबा उणे ऐंशीत गेला.
तिथे काही नासत नाही,
मनात आणलं तरी.

परवा, मंगळवारी, वीस वर्षं भरली.
आता तो कुणाचाही आहे.
जगात कुणीही बनवावा,
आणि म्हणूनच कुणी बनवणार नाही;
जे सगळ्यांचं
त्याच्या यकृताचा खर्च कोण करतो?

फ्रीजर उघडला. थंड वाफ,
लेबलावर माझंच अक्षर, जरा तरुण.
परत बंद केला.

अकरा नंबरची ट्राम
हॉस्पिटलच्या तळमजल्यासमोर थांबते.
आत दिवे. यंत्राला जोडलेली माणसं,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
एकजण मोकळ्या हातानं शब्दकोडं सोडवतोय.
मी त्याच्याकडे बघत नाही,
तो कोड्यातून वर बघत नाही,
असं आमचं ठरलेलं.

लुब्लिनच्या त्या लग्नाला आता सात वर्षं झाली.
नवराबायकोला एखादं शाळेत जाणारं मूल असेल.
नवरीचा भाऊ कुठे भेटलाच
तर मला फक्त एवढंच विचारायचंय:
बाबा रे,
त्या रात्री किती प्यालास?