नंबर चौदाशे अठरा

छातीवर चार सेफ्टीपिनांनी टोचलेलं नाव होतं
सुधाकर वाघचौरे, पुरुष, पंचेचाळीस ते पंचावन्न.
आमचा सुपरवायझर. तो घरी झोपला होता.
कंपनीनं वीस नंबर घेतलेले, सोळा माणसं तयार झाली,
उरलेले चार शुक्रवारी पॅकिंगच्या टेबलावर आले
दिवाळीनंतर उरलेलं फरसाण येतं तसे.

महानंदानं विचारलं, टी-शर्ट फुकट आहे का?
आहे.
मग पळू की.

आम्ही चौघी टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या.
बाराचा गठ्ठा, बारा गठ्ठ्यांचं पोतं.
आठ तास उभ्या. पायांचं आम्हाला कुणी शिकवू नये,
असं मीच म्हणाले होते, डबा खाताना.

पहाटे साडेपाच. पार्क मैदान.
पलीकडं गड्ड्याचे पाळणे अजून उतरवले नव्हते,
अंधारात एक रिकामा पाळणा जरासा हलत होता.
ताहेरा पोराचे बूट घालून आलेली, पुढं कापूस कोंबून.
भाग्यलक्ष्मीनं साडीवरच टी-शर्ट चढवला
आणि पदर असा खोचला
की दिवसभर तो जागचा हलला नाही.

शिट्टी झाली.
पाचव्या दिवशी नळाला पाणी आल्यावर धावतो
तशा धावलो.
सात रस्त्याला संपलो.

मग मोजायला लागलो. दुसरं येतं काय आम्हाला?
बारा पावलं, एक गठ्ठा.
महानंदा कानडीत मोजायची, मोठ्यानं,
हन्नेरडु आलं की नाक पुसायची,
तिच्यापायी माझा हिशेब दोनदा चुकला.
विजापूर रोडला चहावाला ओरडला,
काय मावशी, बस चुकली का?
भाग्या म्हणाली, बस नाही रे, नवरा.
हसताना पोटात कळ येते, हे तेव्हा कळलं.

सोरेगावच्या पुढं वळण.
एक पोरगा मनगटात लाल रबर अडकवत होता,
पुरावा म्हणून.
ऊन वर आलेलं. ताहेरा खाली बसली.
मोजा काढला तर टाचेजवळचा कापड लाल,
रबरापेक्षा गडद.
महानंदा वाकली, भाग्या वाकली.
मी थांबले नाही.

का, ते विचारू नका. पाय चालू होते.
मागून हाक आली. मग दुसरी,
ए, पळूलालीस काय एकटीच?
आजवर हाक आली आणि मी वळले नाही
असं कधी झालं नव्हतं.
सासूची, भोंग्याची, कुकरच्या शिट्टीची, पोरांची.
त्या दिवशी झालं.

पुढचं नीट आठवत नाही.
संभाजी तलावावर बगळे होते, की कॅरीबॅगा.
गठ्ठे मोजायचे राहून गेले.
माझा श्वास मला इतका जवळून
पहिल्यांदाच ऐकू येत होता,
शेजारी कुणी झोपलंय असा.

शेवटाला कमानीची एक बाजू सोडलेली.
केळी संपलेली, साली होत्या.
माईकवरचा माणूस कंटाळून म्हणाला,
आणि हे आले आपले सुधाकर वाघचौरे, टाळ्या!
मीही मागं वळून बघितलं, कुठाय तो.

मग फुटपाथवर बसून राहिले, मेडल मुठीत धरून.
पाऊण तासानं तिघी दिसल्या.
ताहेरा अनवाणी, बूट हातात.
थांबली नाहीस, ती म्हणाली.
नाही, मी म्हणाले.
तिनं एक बूट माझ्याकडं दिला, धर,
आणि दुसऱ्यातला कापूस उपसत बसली.

सोमवारी वाघचौरेनं मोबाइल फिरवला टेबलभर.
अभिनंदन सुधाकर, तीन तास एक्केचाळीस मिनिटं.
बघा, म्हणाला, आणि पाय पण दुखेनात माझे!
सगळे हसले. मीही हसले, दुखरी मांडी धरून.

तीन एक्केचाळीस.
एका चिठ्ठीच्या मागं लिहिलं ते,
आणि चिठ्ठी गठ्ठ्यात घालून सुतळी आवळली.
तो लॉट हैदराबादला गेला.