साल

गुरुवारी दुपारच्या बोटीने पेन्सिलवाला येतो.
शाळेच्या मागच्या खोलीत आम्ही सातजणी,
आणि म्हातारा रोसामेल, जो फक्त शेगडीसाठी येतो.

घरून काहीतरी आणा, म्हणाला होता,
जमिनीतलं किंवा समुद्रातलं.
फ्रेसियाने शिंपला आणला. रोसामेलने दगड,
तोही शाळेच्या दारातला.
मी बटाटा: काळा, वाकडा, बोटभर लांब,
चिलोए बेटाबाहेर ज्याला कुणी विचारत नाही.

कागदाकडे बघायचं नाही.
पेन्सिल उचलायची नाही. खोडायचं तर नाहीच.
नजर मुंगीसारखी कडेकडेने चालवा,
मुंगी थांबली की हात थांबला पाहिजे.

साठ वर्षं मी बटाटे लावले, काढले, सोलले.
अंधारात हात लावून सांगेन
कुठला कुठल्या वाफ्यातला.
आणि कागदावर उतरला तो नुसता गोल.
"हा कुठला?" त्याने विचारलं.
बाजारातला, मी म्हटलं.

खरा तर गोल नाहीच कुठे.
डाव्या अंगाला खांदा पडलाय,
पोटाशी कुदळीची जखम, बुजलेली.
आणि डोळे. मोजले तर अकरा.
आजवर मी ते कोरून टाकत आले.

तिसऱ्या गुरुवारी पाऊस आडवा, बोट अडकलेली.
आम्ही आपले बसलो.
मी पेन्सिल धरली ती सुरीसारखी,
अंगठा टेकवून, टोक आपल्याकडे,
आणि हाताला एकदम रस्ता सापडला.
साल एका दमात काढायची असते, न तोडता;
तुटली तर जावई रुसतो, आई म्हणायची.
तशीच सोलत गेले,
खांद्यावरून, जखमेत उतरून पलीकडे,
एकेका डोळ्यापाशी जरा अडखळत.
शेगडीतलं लाकूड कोसळलं तरी मान हलली नाही.

शेवट सुरुवातीपाशी आलाच नाही.
अर्ध्या बोटाची फट राहिली.
जोडावी का, म्हणून मी पेन्सिल टेकवली
तर रोसामेल, जो महिनाभर बोलला नव्हता,
शेगडीपासून म्हणाला,
"असू दे गं. साल कुठे परत चिकटते?"

आज सप्टेंबर लागला.
बटाट्याला जांभळे कोंब फुटलेत,
गुरुवारपर्यंत हा हा राहणार नाही.
वाफ्याच्या कडेला बसलेय,
कागद गुडघ्याखाली दाबून, वारा सुटलाय.
एकदा काढते, मग लावते.

डोळे वर करून लावायचा असतो.