तोंडं लिपताना

पारोळ्याच्या नाक्यावरचा निंब
सकाळी आडवा झाला.
बाराच्या आत सहा ओंडके आमच्या अंगणात,
कापलेली तोंडं अजून ओली,
हात लावला तर गार.

लोटन मिस्तरी म्हणाले,
"पयले तोंडं लिप, मंग भाकर खा.
बठ्ठं पानी तठूनच पयस."
माझेच वडील.
पण हातात रंधा असला की मी मिस्तरी म्हणते.

लोडशेडिंगच्या काळातली मेणबत्त्यांची थोटकं
डब्यात वितळवली,
वर चमचाभर जवसाचं तेल.
काठीला चिंधी बांधून दोन हात दिले.
वलयं मोजायला घेतली होती.
निंबाची नीट दिसत नाहीत.

साल तशीच ठेवायची.
सालीतून पाणी हळूहळू जातं, कुणाला न सांगता.
तोंडातून मात्र धावत सुटतं,
मुळांकडून चढलं होतं त्याच नळ्यांनी,
आणि आतलं लाकूड मागे राहतं.
झाड पडल्याचं त्याला फार उशिरा कळतं.

सहाव्याचं एक तोंड
भिंतीकडे होतं. राहून गेलं.
तिसऱ्या रात्री गच्चीवर झोपलो असताना
खालून आवाज आला,
कुणी बोटं मोडावीत तसा.
मिस्तरी जागे होते. बोलले नाहीत.

सकाळी भेगेत माझी करंगळी गेली.
"येन्या पाचरी करूत," ते म्हणाले,
"पाचर त कोठे बी लागस."

उरलेल्या पाचांवर मी खडूनं तारीख घातली.
एकाच्या मेणात माशी अडकली होती.
तिच्यावरून तिसरा हात दिला.